दोन्ही बाजूंना दगडी भिंती, तरी बंदराचं तोंड वाळूने का भरतं?

एप्रिल २०२५ मध्ये केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातलं मुतलपोळी हे मासेमारी बंदर अक्षरशः बंद पडलं. वादळ आलं नव्हतं, संपही नव्हता. बंदराच्या तोंडाशी इतकी वाळू साचली होती की बोटींना समुद्रात जायला वाटच उरली नाही. बोटी आत, समुद्र बाहेर आणि मध्ये वाळूचा आडवा बांध. मच्छीमार रस्त्यावर उतरले आणि वाळू उपसून वाट मोकळी करा, अशी मागणी सुरू झाली.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, हे तोंड वाळूने भरू नये म्हणूनच तिथे दोन्ही बाजूंना समुद्रात शिरलेल्या लांबलचक दगडी भिंती बांधल्या आहेत. त्यावर कोट्यवधी रुपये खर्च झालेत. तरीही वाळू येतेच. आणि प्रश्न फक्त धंदा बुडण्याचा नाही. तोंडातल्या उथळ पाण्यात लाटा उसळून बोटी उलटतात. मागच्या वीसेक वर्षांत या एका ठिकाणी ६० हून अधिक मच्छीमारांचा जीव गेलाय. जुलै २०२३ मध्ये एकाच अपघातात चौघे गेले.

(जाता जाता: मुतलपोळीतल्या 'पोळी'चा आपल्या पोळीशी काही संबंध नाही. नदी किंवा बॅकवॉटर जिथे समुद्राला मिळतं आणि अधूनमधून वाळूने बंद होतं, अशा तोंडाला मल्याळममध्ये 'पोळी' म्हणतात. म्हणजे गावाच्या नावातच इशारा होता.)

मग या भिंती नेमकं करतात काय? त्या कुठे चालतात, कुठे फसतात? आणि आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांचं काय? समजून घेऊया.

वाळू येते कुठून?

किनाऱ्यावर उभं राहिलं की वाटतं, वाळू जागच्या जागी पडलेली आहे. प्रत्यक्षात ती सतत प्रवासात असते. लाटा सहसा किनाऱ्यावर सरळ येऊन आदळत नाहीत, थोड्या तिरक्या येतात. येताना त्या वाळूचे कण तिरके वर ढकलतात आणि परत जाताना ते कण उतारावरून सरळ खाली घसरतात. पुढची लाट पुन्हा तिरकी. असं करत करत प्रत्येक कण नागमोडी वाटेने किनाऱ्याला समांतर पुढे सरकत राहतो. लाटा फुटतात त्या पट्ट्यात तर किनाऱ्याला समांतर असा पाण्याचा प्रवाहच तयार होतो आणि तो ढवळलेली वाळू वाहून नेतो.

म्हणजे किनाऱ्यालगत वाळूची एक अदृश्य नदी वाहत असते. तिचं प्रमाण ऐकून धक्का बसेल. ओडिशातल्या पारादीप बंदराजवळून वर्षाला साधारण १० लाख घनमीटर वाळू उत्तरेकडे सरकते, असा अंदाज अभियंते धरून चालतात. एका डंपरमध्ये १० घनमीटर वाळू धरली, तर हे झाले एक लाख डंपर. दरवर्षी.

आता या वाळूच्या वाटेत खाडीचं किंवा नदीचं तोंड आलं की काय होतं? भरतीचं पाणी आत शिरतं तेव्हा काही वाळू सोबत आत नेतं आणि आतल्या शांत पाण्यात टाकून देतं. ओहोटीला पाणी जोरात बाहेर पडतं, पण समुद्रात आल्याबरोबर ते पसरतं, मंदावतं आणि हातातली वाळू तिथेच सोडतं. त्यामुळे तोंडाच्या थोडं बाहेर वाळूचा एक कमानदार उंचवटा तयार होतो. बंदरांच्या भाषेत याला 'बार' म्हणतात. गोव्यात मांडवीच्या तोंडावरचा आग्वादचा बार प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तिथून ये-जा धोक्याची होते, म्हणून खनिज वाहून नेणारे बार्ज त्या दिवसांत कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरायचे आणि मग मुरगाव बंदर गाठायचे.

बार कायमचा एका जागी बसलेला नसतो. एका वादळात तो सरकतो, एका पुरात फुटतो आणि पुन्हा तयार होतो. बोटीची वाट कालची आज तिथेच असेल, याची खात्री नसते.

भिंत काय करते?

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे 'जेटी' म्हणजे बोट लावायचा धक्का: मांडवा जेटी, भाऊचा धक्का वगैरे. अमेरिकन अभियंते मात्र खाडीच्या तोंडाच्या बाजूला समुद्रात नेलेल्या दगडी भिंतीला जेटी म्हणतात. ऑस्ट्रेलियात तिलाच 'ट्रेनिंग वॉल' म्हणतात, कारण ती पाण्याला वळण लावते. भारतात सरसकट 'ब्रेकवॉटर' हा शब्द चालतो. खरं तर ब्रेकवॉटरचं मुख्य काम लाटा अडवून आत शांत पाणी ठेवणं. पण आपल्या बहुतेक लहान बंदरांत एकच भिंत दोन्ही कामं करते, म्हणून इथे तोच शब्द वापरू. तिच्या अंगावर टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड, मुंबईकरांना मरीन ड्राइव्हमुळे पाठ आहेत.

वाळूच्या बाबतीत ही भिंत दोन गोष्टी करते. पहिली, ती किनाऱ्यालगतची वाळू अडवते. 'वाळूची नदी' ज्या बाजूने येते त्या बाजूला भिंतीला टेकून वाळू साठत जाते आणि बोटींची वाट काही काळ मोकळी राहते.

दुसरी गोष्ट जास्त हुशारीची आहे. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार जोरात लागते. दोन भिंती जवळ आणल्या की तसंच होतं. पूर्वी ऐसपैस पसरणारं पाणी अरुंद वाटेतून जोरात वाहतं आणि तळाची वाळू स्वतःच खरवडून खोल पाण्यात नेऊन टाकतं. म्हणजे ड्रेजरचं काम फुकटात ओहोटीच करते.

कागदावर हे सोपं दिसतं. ते खरोखर चालतं हे ज्याने जगाला दाखवलं, त्याची गोष्ट सांगायलाच हवी.

खोली मिळाली तरच पैसे!

१८७० च्या दशकात अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स हे मोठं बंदर गुदमरत होतं. मिसिसिपी नदी प्रचंड, पण समुद्राला मिळताना ती अनेक फाट्यांत विभागते आणि प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी गाळाचा बार. जहाजं तिथे दिवसेंदिवस अडकून पडायची. ड्रेजिंग करून पाहिलं, पण नदी पुन्हा गाळ आणून टाकायची. सरकारी लष्करी अभियंत्यांचं मत होतं की हा नाद सोडावा आणि बाजूने कालवा खणावा.

त्यावेळी जेम्स ईड्स नावाचा माणूस पुढे आला. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, पण सेंट लुईसमध्ये मिसिसिपीवर त्याने बांधलेला पोलादी पूल १८७४ मध्येच खुला झाला होता. तरुणपणी त्याने बुडालेल्या बोटींतला माल काढायचा धंदा केला होता आणि पाणबुडीच्या घंटेत बसून तो नदीच्या तळाशी चालला होता. नदी तळाशी गाळ कसा उचलते आणि कुठे टाकते, हे त्याने पायाखाली अनुभवलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं: नदीला अरुंद करा, ती स्वतः खणेल.

सरकारी अभियंत्यांचे प्रमुख जनरल हम्फ्रीज यांनी त्याला कडाडून विरोध केला. शेवटी ईड्सने अशी अट घातली की नाही म्हणणं अवघड व्हावं. काम स्वतःच्या जबाबदारीवर करीन, खोली मिळाली तरच पैसे द्या! १८७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने होकार दिला, पण त्याला हवा असलेला मोठा फाटा न देता 'साउथ पास' हा लहान फाटा दिला. तिथे बारवर पाणी जेमतेम आठ-नऊ फूट होतं.

ईड्सने विलो झाडाच्या फांद्यांच्या मोठाल्या चटया विणून घेतल्या, त्या एकावर एक रचल्या आणि दगडांचं वजन टाकून बुडवल्या. नदीच्या गाळाने फटी बुजल्या आणि फाट्याच्या तोंडापासून समुद्रात जाणाऱ्या दोन समांतर भिंती उभ्या राहिल्या. प्रवाह वाढला, तळ खरवडला जाऊ लागला. १८७९ मध्ये ३० फूट खोली मिळाली. आठ-नऊ फुटांवरून ३० फूट, तेही मुख्यतः नदीच्याच जोरावर.

या यशामुळे पुढे जगभर भिंतींची लाट आली. पण मिसिसिपीची एक गोष्ट अनेकदा विसरली गेली. तिच्यामागे प्रचंड मोठ्या खोऱ्याचं पाणी होतं. लहानशा खाडीमागे ते नसतं.

अडवलेली वाळू जाते कुठे?

याचं उत्तर बघायला परदेशात जायची गरज नाही. चेन्नईचा मरिना बीच पुरेसा आहे.

मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं उघड्या समुद्रात थांबायची आणि माणसं-माल लहान होड्यांतून लाटा पार करत किनाऱ्यावर यायचा. १८७६ च्या सुमारास तिथे दोन ब्रेकवॉटर बांधायचं काम सुरू झालं. बंदराचं तोंड पूर्वेकडे, सरळ समुद्राकडे ठेवलं. काम संपत आलं असताना १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळ आलं आणि भिंतींची दाणादाण झाली. पुन्हा बांधल्या. पण हळूहळू होणारं नुकसान वादळापेक्षा चिवट निघालं. पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब धरला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती दक्षिणेच्या भिंतीला अडली, साठली, भिंतीच्या टोकापर्यंत पोहोचली आणि वळसा घालून तोंडात यायला लागली. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदराचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या काळात पूर्वेचं तोंड बंद करून ईशान्येकडे नवं तोंड काढावं लागलं.

दक्षिणेला साठलेल्या त्या वाळूने मरिना बीच रुंद केला. आज लोक जिथे सुंडल खात संध्याकाळ घालवतात, त्यातला मोठा भाग बंदराच्या भिंतीने अडवलेली वाळू आहे. आणि उत्तरेला? रोयापुरम आणि त्यापुढच्या कोळीवस्त्यांना मिळणारी वाळूच बंद झाली. समुद्र मात्र तिथली वाळू नेहमीसारखा पुढे नेत राहिला. किनारा खचत गेला, आणि तो वाचवायला तिथे दगड टाकावे लागले.

हे कोणाच्या चुकीने झालं असं म्हणण्यापेक्षा, हा हिशेबच आहे असं म्हणावं लागेल. भिंत वाळू नष्ट करत नाही, ती फक्त एका गावाकडून काढून दुसऱ्या गावापाशी ठेवते. ज्या बाजूला किनारा वाढतो तिथे कोणी तक्रार करत नाही. ज्या बाजूला घरं समुद्रात जातात तिथे बहुतेक वेळा मच्छीमारच राहतात, आणि बंदराच्या खर्चाच्या तक्त्यात त्यांच्या घरांचा रकाना नसतो.

जहाजं बुडवून केलेला बंधारा

विशाखापट्टणमने यातून थोडी वेगळी वाट काढली. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या बंदराचं तोंड 'डॉल्फिन्स नोज' नावाच्या डोंगराच्या आडोशाला आहे. दक्षिणेकडून येणारी वाळू वाटेत साचू नये म्हणून अभियंत्यांनी 'जेनस' आणि 'वेलेडसन' ही दोन जुनी जहाजं ठरवून समुद्रात बुडवली आणि त्यांचा बंधारा केला! उद्देश फक्त अडवणं एवढाच नव्हता. त्या आडोशाला लाटा मंदावतात आणि वाळू ठरावीक जागी पडते. मग ड्रेजरने ती तिथून उचलायची आणि बंदराच्या पलीकडे, उत्तरेच्या किनाऱ्याकडे द्यायची. याला 'सँड ट्रॅप' म्हणतात, म्हणजे वाळूसाठी मुद्दाम ठेवलेला सापळा.

यात शहाणपणाची गोष्ट ही की, वाळू येणारच हे आधीच मान्य केलंय. ती बोटींच्या वाटेत न येता आपण ठरवलेल्या जागी यावी, एवढीच अपेक्षा.

अमेरिकेत याच कल्पनेवर 'वेअर जेटी' निघाली. म्हणजे भिंतीचा किनाऱ्याजवळचा एक तुकडा मुद्दाम बुटका ठेवायचा. भरतीच्या वेळी वाळू त्यावरून आत येते आणि लगेच मागे खणून ठेवलेल्या खड्ड्यात पडते. ड्रेजर लाटांपासून सुरक्षित जागी उभा राहून तो खड्डा रिकामा करतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेसनबरो इनलेटवर १९६६ मध्ये अशी एक भिंत उत्तरेच्या बाजूला बांधली. दक्षिणेची भिंत तेव्हा बांधली नाही. झालं असं की बोटींची वाट हळूहळू सरकत उत्तरेच्या भिंतीला जाऊन चिकटली. दुसरी भिंत १९८० मध्ये आली, तेव्हा कुठे वाट जागेवर राहिली.

भिंत किती लांब, किती उंच, एक की दोन, त्यांत अंतर किती, टोक कोणत्या दिशेला वळवायचं, या प्रत्येक प्रश्नावर सगळं अवलंबून असतं. एका ठिकाणचा नकाशा उचलून दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

मुतलपोळीत काय बिनसलं?

इथे वामनपुरम नदी आणि कडिनमकुलम बॅकवॉटरचं पाणी समुद्राला मिळतं. तोंडाच्या दक्षिणेला पेरुमातुरा, उत्तरेला ताळंपळ्ळी आणि पुढे अंचुतेंगू. (ब्रिटिशांच्या जुन्या कागदपत्रांतलं 'अंजेंगो' ते हेच.) पूर्वी हे तोंड वाळूने बंद व्हायचं आणि उघडायचं. बारमाही बंदर हवं म्हणून या शतकाच्या सुरुवातीला दोन ब्रेकवॉटर बांधायला सुरुवात झाली. चेन्नईसारखंच चित्र दिसू लागलं: पेरुमातुराच्या बाजूला किनारा रुंद झाला, अंचुतेंगूच्या बाजूला खचत गेला. दक्षिणेची साठवण भरली की वाळू भिंतीच्या टोकाला वळसा घालून तोंडात येते. शिवाय केरळच्या किनाऱ्यावर लाटांची दिशा पावसाळ्यात आणि इतर वेळी बदलते, त्यामुळे वाळू दोन्ही बाजूंनी येऊ शकते.

पण आत आलेली वाळू ओहोटी बाहेर का फेकत नाही? ईड्सची युक्ती इथे का चालत नाही?

कारण इथे ओहोटीत तेवढा दम नाही. दक्षिण केरळात भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटर आहे. एका भरतीत जेवढं पाणी खाडीत शिरतं तेवढंच ओहोटीला बाहेर पडतं, आणि झाडू मारणारं पाणी तेच. किनारा अभियांत्रिकीतलं मोठं नाव असलेल्या पेर ब्रून यांनी यासाठी एक सोपा ठोकताळा दिला. उधाणाच्या एका भरतीत आत येणारं पाणी भागिले वर्षभरात तोंडाशी येणारी वाळू, दोन्ही घनमीटरमध्ये. उत्तर १५० च्या वर आलं तर तोंड स्वतःला साफ ठेवतं. ५० च्या खाली गेलं की बार त्रास देऊ लागतो. २० च्या खाली असेल तर तोंड टिकणंच अवघड.

समजा, एका खाडीच्या तोंडाशी वर्षाला पाच लाख घनमीटर वाळू येते आणि भरतीला एक कोटी घनमीटर पाणी आत जातं. उत्तर आलं २०. ते १५० वर न्यायचं तर साडेसात कोटी घनमीटर पाणी हवं. भिंत कितीही मजबूत बांधली तरी खाडीतलं पाणी वाढत नाही.

आता बोटी उलटतात त्याचं कारण. लाटेला तळ लागायला लागला की ती उभी राहते आणि फुटते. ढोबळ हिशेब असा: पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट उरली की लाट कोसळते. तोंडात पाच मीटर पाणी असेल तर दोन मीटरची लाट बोटीखालून निघून जाईल. वाळू साचून तिथे अडीच मीटर उरलं, तर तीच लाट नेमकी तोंडात फुटेल. दोन्ही बाजूंना दगड, त्यामुळे बोट बाजूला घ्यायला जागा नाही. मागून येणाऱ्या लाटेने बोट आडवी झाली की पुढची लाट ती उलटवते. माणसं फेकली जातात ती बऱ्याचदा दगडांवर. म्हणजे ज्या भिंती सुरक्षित वाट देण्यासाठी बांधल्या, त्याच अपघात जीवघेणा करतात. उपसा वेळेवर झाला नाही, तर भिंत नसलेल्या उघड्या किनाऱ्यापेक्षा हे तोंड जास्त धोक्याचं ठरू शकतं.

वाळूला पाइपने पुढे पाठवणारं गाव

याला उपाय आहे का? ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या तोंडावर एक आहे. तो स्वस्त मात्र नाही.

ही नदी न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांच्या सीमेवर समुद्राला मिळते. १९६० च्या दशकात बोटींसाठी तिच्या दोन्ही भिंती सुमारे ३८० मीटरनी वाढवल्या. वाट काही वर्षं मोकळी झाली, पण उत्तरेला क्वीन्सलँडच्या गोल्ड कोस्टवरचे किनारे उपाशी राहिले. १९६७ च्या चक्रीवादळांनी उरलीसुरली वाळूही नेली आणि कीरासारखे किनारे अक्षरशः दगडांवर आले. पुढे दक्षिणेची साठवण भरली आणि बारही परत आला. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

दोन राज्यांचं भांडण मिटायला १९९५ चा करार लागला. २००१ पासून तिथे कायमस्वरूपी यंत्रणा चालू आहे. नदीच्या दक्षिणेला समुद्रात ४५० मीटर लांबीचा खांबांवरचा पूल आहे, त्याखाली पंप आहेत. येणारी वाळू ते पाण्यासकट शोषून घेतात आणि नदीच्या तळाखालून गेलेल्या पाइपमधून पलीकडच्या किनाऱ्यांवर सोडतात. वर्षाला सरासरी पाच लाख घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरने न्यायची म्हटली तर रोजच्या १३५ हून जास्त खेपा होतील. याला 'सँड बायपासिंग' म्हणतात. सुरुवातीच्या काळात इतकी वाळू सोडली गेली की तिथे समुद्रात लांबच लांब उथळा तयार झाला आणि त्यावर फुटणारी 'सुपरबँक' लाट जगभरच्या सर्फरचं तीर्थक्षेत्र बनली. काही जुने सर्फर मात्र कीराची आधीची लाट गेली म्हणून नाराज होते!

मुद्दा असा की भिंत बांधली की खर्च संपत नाही, तिथून तो सुरू होतो. आपल्याकडे भिंतीचं भूमिपूजन होतं, फोटो येतात. दरवर्षीच्या उपशाची निविदा मात्र पावसाळा तोंडावर आला की आठवते.

कोकणातल्या खाड्यांचं काय?

कोकणाची परिस्थिती पूर्व किनाऱ्यापेक्षा बरीच वेगळी आहे. इथे डोंगरांच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात आणि किनाऱ्याचे लहान लहान कप्पे पाडतात. त्यामुळे शेकडो किलोमीटर सलग वाहणारी वाळूची नदी इथे नाही. शिवाय भरती-ओहोटीतला फरक दोन-तीन मीटरपर्यंत असतो, मुंबईकडे उधाणाला तो चार मीटरच्याही वर जातो. म्हणजे खाडीकडे स्वतःचा झाडू आहे.

तरी तक्रारी आहेतच. रत्नागिरीजवळ काजळी नदीच्या, म्हणजे भाट्ये खाडीच्या तोंडाशी साचणाऱ्या गाळाचा प्रश्न राजिवड्याचे मच्छीमार वर्षानुवर्षं मांडतायत. पाणी चढेपर्यंत बाहेर थांबायचं, नाहीतर बोट रुतायची किंवा लाटेत सापडायची. मिरकरवाडा बंदराला ब्रेकवॉटर आहे, तरी आतला गाळ काढावा लागतोच.

अशा ठिकाणी 'भिंत बांधा' ही पहिली मागणी असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण ब्रून यांचा भागाकार इथे उपयोगी पडतो, कारण त्यात वाळूइतकंच महत्त्व खाडीत मावणाऱ्या पाण्याला आहे. खाडीत भराव टाकून १०० हेक्टर जागा बुजवली आणि तिथे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटर असेल, तर प्रत्येक ओहोटीला बाहेर पडणारं २० लाख घनमीटर पाणी कमी झालं. नुकसान भरावाच्या जागी दिसत नाही, ते काही किलोमीटर खाली, तोंडाशी दिसतं. तिथला तांडेल म्हणतो, "पूर्वी इथे एवढा गाळ नव्हता." त्याचं निरीक्षण बरोबर असू शकतं, पण कारण समुद्रात न शोधता खाडीच्या आत शोधावं लागतं.

पुण्यातला समुद्र

समुद्रात भिंत बांधण्याआधी ती पुण्यात बांधून बघता येते, हे अनेकांना माहीत नसतं. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, सीडब्ल्यूपीआरएस. १९१६ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशभरातल्या बंदरांची लहान आकाराची मॉडेल्स तयार करते. मोठ्या हौदात किनारा उभारायचा, यंत्राने लाटा सोडायच्या आणि भिंत थोडी लांब केली, थोडी वळवली तर पाणी कसं वागतं ते पाहायचं. सोबतीला संगणकावरची गणितं असतात.

मुतलपोळीचा अभ्यासही याच संस्थेने केला. तिच्या अहवालाच्या आधारे बंदराच्या सुधारणेचा १७७ कोटी रुपयांचा प्रकल्प प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून मंजूर झाला असून, त्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा आहे. दक्षिणेकडच्या, म्हणजे पेरुमातुराच्या बाजूच्या ब्रेकवॉटरची लांबी वाढवणं हा त्यातला महत्त्वाचा भाग.

लांब भिंतीमुळे वाळूला वळसा घालायला जास्त वर्षं लागतील आणि तोंडातली खोली टिकायला मदत होईल. त्याच वर्षांत पेरुमातुराच्या बाजूला आणखी वाळू साठेल. ती उचलून उत्तरेला पोहोचवायची सोय झाली नाही, तर तेवढीच वाळू अंचुतेंगूच्या किनाऱ्याला कमी मिळेल, आणि तिथली घरं आधीच समुद्राला लागलेली आहेत.